अण्णांची चढण पंचाहत्तरावर

या मंडळी, असं खांबाला टेकून लांब कशाला बसायचं? पुढं सरका. सतरंजी मोठी आहे, जरा गुडघे आवरले की सगळे मावतात. आज तामलवाडीची एक गोष्ट सांगतो. तिच्यात पांडुरंग आहे, मृदंग आहे आणि मधोमध एक लॅपटॉप मांडी घालून बसला आहे. लॅपटॉपचं नाव ऐकून भुवया चढवू नका. गोष्ट ऐकून झाल्यावर त्या यंत्राला हळदीकुंकू वाहावंसं वाटलं नाही, तर खुशाल मला बोल लावा.

तामलवाडीला गुरुसिद्धप्पा अण्णा म्हणून मृदंगवादक होऊन गेले. गळ्यात इष्टलिंग, घरात कानडी, रानात मराठी, आणि कीर्तनाचा मांडव पडला की विठ्ठलापुढं मृदंग घेऊन सगळ्यांच्या आधी हजर. अण्णांच्या तरुणपणीची एक गोष्ट जुनी माणसं अजून सांगतात. अभंग रंगात आला, टाळ तापले, की अण्णा लय वर न्यायचे. तिला गावानं नाव दिलं होतं अण्णांची चढण. मृदंगाच्या काळ्या शाईवरून उजवा हात असा उठायचा की वाटावं आता आभाळाला लागतोय, आणि खाली कधी आला ते कळायच्या आत बसलेली माणसं उभी राहिलेली असायची. पुढं झाडावरून पडून अण्णांचा खांदा निखळला आणि चढण कायमची सुटली. वाजवत राहिले, शिकवत राहिले, पण तो उंच उठणारा हात पुन्हा कुणी बघितला नाही.

कृष्णराज त्यांच्या हाताखाली आला तो त्यानंतर. शेतकऱ्याचं पोरगं, बोलायला कमी, हाताला गोड. अण्णांनी त्याला पोटच्या पोरासारखं शिकवलं. चढण तेवढी राहिली. बोल विचारले की अण्णा म्हणायचे, हे सांगून येत नाही, बघून येतं, आणि दाखवायला आता माझ्याकडं हात नाही. मागच्या साली अण्णा गेले. उमाबाई, म्हणजे त्यांच्या घरधनीण, एकट्या राहिल्या. कृष्णराज त्यांना अव्वा, म्हणजे कानडीत आई, म्हणतो आणि रोज एक वेळ तिथंच जेवतो.

तर अण्णांचं पहिलं पुण्यस्मरण आलं. संध्याकाळी कोंडीराम महाराजांचं कीर्तन ठरलं, आणि मृदंगावर कोण हे विचारायची गरजच नव्हती. कृष्णराजनं मनाशी पण केला होता की त्या दिवशी अण्णांची चढण वाजवायची. आयुष्यात एकदाही न ऐकलेली चढण तो वाजवणार कशी? त्याला आधार होता एका व्हिडिओ कॅसेटचा. फार वर्षांपूर्वी गावच्या सप्ताहात लग्नाचं शूटिंग करणाऱ्या कुणीतरी ती काढली होती. उमाबाईंच्या पेटीत लुगड्यांखाली सापडली. कृष्णराजची धाकटी बहीण हर्षाली तुळजापूरला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिनं सोलापुरात एका दुकानातून ती लॅपटॉपवर उतरवून आणली. ओल लागून आवाज सगळा गेला होता, नुसती खरखर. चित्र मात्र वाचलं होतं. मुक्या चित्रातले अण्णा चढण वाजवत होते.

तेव्हापासून हर्षाली सुट्टीला घरी आली की लॅपटॉप दादाच्या ताब्यात. तो रोज स्क्रीनला हात जोडायचा, मग मृदंगाच्या डाव्या तोंडाला कणीक लावायचा आणि अण्णांच्या हातावर हात टाकत बसायचा. ती कॉलेजात असली की फोनवर तीच चित्रफीत. महिनोन्महिने हेच.

आणि पुण्यस्मरणाच्या दिवशी सकाळी मांडवात तालीम झाली ती अशी. महाराजांनी चाल धरली, टाळकऱ्यांनी साथ केली, लय चढायला लागली आणि कृष्णराजनं चढण घेतली. दोन आवर्तनं गेली आणि टाळांची ओळ विस्कटली. पुन्हा घेतली, पुन्हा विस्कटली. हात वर जाताना मध्येच किंचित अडत होता, जणू बैल चढाला लागला आणि जू सरकलं. महाराजांनी टाळ खाली ठेवले आणि विचारलं, हे काय वाजवतोस?

"अण्णांचंच हाय महाराज," कृष्णराज म्हणाला. "ते तिथं हात थोडा थांबवत होते. म्या शंभरदा बघितलंय."

महाराजांनी अण्णांची चढण कानांनी ऐकली होती, पण त्याला आता किती वर्षं झाली. कॅसेटमध्ये आहे म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं? बायकांच्या बाजूला उमाबाई बसल्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. आपल्या माणसाचा हात अडखळत होता आणि आपल्याला इतकी वर्षं कळलं नाही, असं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर उमटून गेलं, आणि ते हर्षालीच्या काळजाला लागलं.

शेवटी महाराजांनी कृष्णराजला बाजूला घेतलं. अण्णांच्या नावानं चार गावचे लोक येणार. अडखळता हात ऐकून गेले तर म्हणतील, अण्णांनी हेच पेरलं. तेव्हा दुपारपर्यंत हात सरळ झाला तर ठीक, नाहीतर येडशीच्या रणधीरला मृदंगावर बसवू. रणधीरला निरोप गेलाच आहे, तो निघतोय. तू चढण सोडून साधं वाजवत असशील तर मात्र आत्ताच बस, असंही म्हणाले. कृष्णराजनं मान हलवली. चढण नाही तर मीही नाही, म्हणाला. गुरूच्या पुण्यस्मरणाला गुरूचीच वस्तू वगळून बसायचं त्याला पटेना.

घरी आल्यावर त्यानं लॅपटॉप उघडला आणि हर्षालीला म्हणाला, तूच बघ, मी खोटं बोलतोय का. हर्षाली बघायला लागली. खरंच, अण्णांचा हात वर जाताना अडत होता. अगदी दादा अडतो तसाच. तिनं पुन्हा लावलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा बघताना तिची नजर सहज अण्णांच्या मागं गेली. मांडवाच्या खांबापाशी एक उभा पंखा मान फिरवत होता. तो पंखा या टोकाकडून त्या टोकाकडं जाताना अण्णांच्या हातासारखाच अडत अडत जात होता.

हर्षाली ताडकन ताठ झाली.

"दादा, ह्यो पंखाबी अण्णांकडं शिकायला व्हता का रं?"

कृष्णराजला वाटलं, पोरगी थट्टा करायला लागली. त्याला राग आला. तिनं त्याच्या डोक्यामागं हात घालून मान स्क्रीनकडं वळवली आणि पंख्यावर बोट ठेवलं. तो बघत राहिला. विजेवर चालणारा पंखा, त्याला ना लय ना भाव, आणि तोही लंगडत होता. पलीकडं एक म्हातारा डुलत होता, तोही लंगडत डुलत होता. आख्खा मांडव लंगडत होता.

हर्षालीच्या अंगात वारं शिरलं. तिनं चित्रफितीची माहिती उघडली. कॅमेरा सेकंदाला पंचवीस चित्रं काढणारा होता. लॅपटॉपचा स्क्रीन सेकंदाला साठ वेळा चित्र नव्यानं उमटवणारा, त्याला रिफ्रेश रेट म्हणतात. ती स्वतःशीच हसायला लागली. कृष्णराज म्हणाला, हसण्यासारखं काय आहे ते मलाही सांग.

आता हे तिनं कसं सांगितलं ते ऐका, कारण मलाही ते असंच कळलं. ती म्हणाली, पंगतीला पंचवीस माणसं बसलीत आणि बुंदीचे लाडू साठ आहेत. वाढायचे तर सगळे. काय होईल? कृष्णराज म्हणाला, कुणाला दोन, कुणाला तीन. बरोबर, म्हणाली, आणि पंगतीत रुसवाफुगवी. अण्णांचं एक चित्र स्क्रीनवर दोनदा दिसतंय, दुसरं तीनदा. जे तीनदा दिसतं तिथं हात थांबल्यासारखा वाटतो. अण्णा थांबत नव्हते, लाडू कमी पडत होते. फोनवरही तेच दुखणं, वर अण्णा बोटाएवढे. आणि तू इतका आज्ञाधारक की यंत्राचं लंगडणंसुद्धा गुरूची खूण म्हणून हातात उतरवलंस.

कृष्णराजचा चेहरा आधी पडला, मग उजळला, मग पुन्हा पडला. म्हणाला, मग लाडू वाढव.

तेच तर, हर्षाली म्हणाली. पंचाहत्तर लाडू झाले तर प्रत्येकाला तीन-तीन. पण हा स्क्रीन साठाच्या पुढं जायला तयार नाही. सेटिंगमध्ये साठ एवढा एकच आकडा. तिनं आधी सोपा रस्ता धरला, साठावरून पन्नासावर उतरवायचा, म्हणजे दोन-दोन. तसं केल्याबरोबर स्क्रीन मरणाऱ्या ट्यूबलाइटसारखा मिचमिचायला लागला. ते सोडून दिलं. मग वर जाणं आलं. यंत्राला त्याच्या मापाच्या वर पळवायचं, याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. गाड्यांच्या खेळासाठी तिनं हॉस्टेलवर ते करून बघितलं होतं, आणि अतिहौसेनं एकदम मोठा आकडा घालून स्क्रीन काळा करून घेतला होता. या वेळी तसं करायचं नव्हतं. याच लॅपटॉपमध्ये तिचा कॉलेजचा प्रोजेक्ट होता, आणि स्क्रीन कायमचा गेला तर कंपनी हात वर करणार हेही ठाऊक होतं. तिनं प्रोजेक्ट आणि अण्णांची चित्रफीत दोन्ही पेनड्राइव्हवर उतरवली, तो देवाजवळ ठेवला, आणि ओढणी कमरेला खोचली.

पासष्ट. स्क्रीन क्षणभर काळा झाला, उजळला. सत्तर. काळा झाला, उजळला. कृष्णराज दर वेळी रामकृष्णहरी म्हणत होता. पंचाहत्तर. काळा झाला आणि काळाच राहिला.

काही वेळानं स्क्रीन आपोआप जुन्या साठावर परतला. कृष्णराज म्हणाला, जाऊ दे हर्षे, त्याचा जीव तेवढाच हाय. हर्षाली म्हणाली, जीव भरपूर आहे, नुसता विसावा लई घेतो.

हे विसाव्याचं प्रकरण मोठं सुंदर आहे बघा. स्क्रीनवर चित्र एकदम उमटत नाही. वरून खाली एकेक ओळ रेखत जातं. ओळ संपली की जराशी उसंत, आख्खं चित्र संपलं की त्याहून मोठी उसंत, मग पुन्हा वरून सुरुवात. कारखान्यात या उसंती सैल हातानं ठेवलेल्या असतात. चित्रं वाढवली की सगळंच भरभर धावतं, उसंतीसकट, आणि आतल्या तारेला तो वेग झेपत नाही. पण ओळींना धक्का न लावता नुसत्या उसंती छाटल्या, तर तेवढ्याच धावपळीत जास्त चित्रं बसतात. ते छाटण्याचे आकडे हातानं भरायचे, त्यालाच कस्टम टायमिंग म्हणायचं.

"म्हंजे अभंगातला एकबी शब्द सोडायचा न्हाय," कृष्णराज म्हणाला, "नुसतं टाळकऱ्यांचं पाणी पिणं बंद करायचं."

हर्षाली म्हणाली, व्हय, पण सगळंच बंद केलं तर टाळकरी पडतील. आणि झालंही तसंच. पहिल्यांदा तिनं उसंत फार छाटली. पंचाहत्तर उजळलं खरं, पण स्क्रीनभर हिरव्या ठिणग्या उडायला लागल्या आणि चित्र एका अंगाला सरकलं. तिनं थोडी उसंत परत दिली. ठिणग्या कमी झाल्या. आणखी थोडी दिली. दोघं स्क्रीनला नाक लावून बघत होते. ठिणग्या विझल्या, कडा जागेवर आल्या, आणि पंचाहत्तर हा आकडा घट्ट बसला.

कृष्णराज लावायला धावला तर तिनं त्याचा हात धरला. काही स्क्रीन हो म्हणतात आणि गुपचूप एखादं चित्र गिळतात, त्याची परीक्षा बाकी होती. एका मागून एक उजळत जाणाऱ्या चौकटींचं एक चित्र तिनं लावलं आणि फोनचा डोळा जरा जास्त वेळ उघडा ठेवून त्याचा फोटो काढला. मध्ये एखादी चौकट काळी राहिली असती तर समजायचं लबाडी आहे. एकही चौकट सुटली नव्हती. सच्चा होता बिचारा.

मग अण्णा लावले.

पंख्याची मान लोण्यातून फिरावी तशी या टोकाकडून त्या टोकाकडं गेली. म्हातारा मजेत डुलत होता. आणि अण्णांचा हात शाईवरून उठला तो उठतच गेला. कुठं अडला नाही, कुठं थांबला नाही, विहिरीतून भरलेला पोहरा सरसर वर यावा तसा आला आणि खाली कधी पडला ते कळलंच नाही. आवाज नव्हता, तरी हर्षालीला ऐकू आल्यासारखं झालं. कृष्णराजनं डोळे पुसले, मृदंग ओढला आणि हात टाकला.

हात अडला.

पुन्हा टाकला, पुन्हा अडला. महिनोन्महिने मुरवलेलं ते लंगडणं आता हाडात गेलं होतं. डोळ्यांना कळलं होतं, मनाला कळलं होतं, मनगटाला कोण सांगणार? तो जितका जोर लावी तितका हात नेमका तिथंच दचके. ऊन माथ्यावरून कलायला लागलं होतं. रणधीर तुळजापुरात उतरल्याचा फोन येऊन गेला. कृष्णराजनं मृदंग बाजूला सारला आणि म्हणाला, महाराजांना सांग, रणधीरलाच बसवा. अण्णांचा हात सरळ व्हता हे कळलं, तेवढं मला पुरे.

हर्षालीला रडू फुटायचं बाकी होतं. यंत्र सुधारलं आणि माणूस तसाच राहिला, याच्यापुढं तिची विद्या सरली होती. ती उठली आणि पळत जाऊन उमाबाईंना घेऊन आली. निदान त्यांनी तरी बघावं, एवढाच तिचा हेतू होता.

उमाबाई स्क्रीनपुढं बसल्या. चित्र सुरू झालं. त्या पुटपुटल्या, हौदु, हौदु, होय गं होय, असाच, अगदी असाच. बघता बघता त्यांचा चेहरा वीस वर्षांनी तरणा झाला. मग त्यांनी कृष्णराजकडं बघितलं. मृदंगावर हात ठेवून तो मान खाली घालून बसला होता.

"लॅपटॉपपुढं असाच बसतोस व्हय रे?" त्यांनी विचारलं. "त्यांच्यापुढं असं हात मोकळे ठेवून बसायची हिंमत झाली असती का तुझी?"

कृष्णराज चपापला. अण्णांची एक शिस्त होती. नवी चीज दाखवताना समोरच्या शिष्यानं दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायचं. बघताना वाजवायचं नाही. हात वळवळायला लागले, अनावर झाले, तरी काढायचे नाहीत. अण्णा म्हणतील तेव्हाच काढायचे. कृष्णराज लॅपटॉपला रोज नमस्कार करत होता, पण यंत्रापुढं हात कशाला दाबायचे म्हणून पहिल्या दिवसापासून बघता बघता वाजवत आला होता. बघणं अर्धं, वाजवणं अर्धं, आणि मधल्या फटीत ते लंगडणं शिरलं होतं.

त्यानं मुकाट्यानं मृदंग लांब ठेवला, हात मांडीखाली दाबले आणि स्क्रीनपुढं बसला. हर्षाली चित्रफीत लावत राहिली. संपली की पुन्हा. उमाबाई शेजारी बसून होत्या. थोड्या वेळानं कृष्णराजचे खांदे हलायला लागले. मग दंड. तो दात खाऊन बसला होता, मांडीखाली बोटं तडफडत होती, आणि हर्षालीला तशातही हसू येत होतं, कारण दादा लघवीला लागलेल्या पोरासारखा दिसत होता. तिनं तसं म्हटलंसुद्धा. उमाबाईंनी तिला एक चापट दिली आणि स्वतःच हसल्या. तेवढ्यात दारात पावलं वाजली. कोंडीराम महाराज आणि त्यांच्यामागं खांद्याला पिशवी अडकवलेला रणधीर. ते बोलणार तोच उमाबाईंनी हातानंच थांबवलं. दोघं उंबऱ्यातच उभे राहिले.

अण्णांचा हात आणखी एकदा वर गेला, खाली आला.

"काढ आता," उमाबाई म्हणाल्या.

कृष्णराजचे हात मांडीखालून सुटले ते थेट मृदंगावर पडले. त्यानं विचार केला नाही, डोळेही मिटून घेतले होते. चढण उठली. उठतच गेली. घराचे पत्रे थरारले, फळीवरचा तांब्या वाजायला लागला, आणि हात कुठंही अडला नाही. उंबऱ्यातल्या कोंडीराम महाराजांनी चौकट धरली. इतक्या वर्षांनी तीच थाप कानात शिरली होती. ते मुलासारखे रडायला लागले आणि रडता रडता मान डोलवत राहिले.

रणधीर मोठ्या मनाचा. म्हणाला, महाराज, माझं काम दिसत न्हाय इथं. एक टाळजोड असंल तर बघा, रिकाम्या हातानं परत जायचं पाप नको.

संध्याकाळी मांडव भरला. रणधीर टाळकऱ्यांच्या ओळीत उभा, कृष्णराज मृदंगावर, हर्षाली बायकांत उमाबाईंना खेटून. महाराजांनी अभंग रंगवला, गजर उठला, विठ्ठल विठ्ठल म्हणता म्हणता टाळ तापले, आणि कृष्णराजनं चढण घेतली. काय सांगू मंडळी, सगळा मांडव उभा राहिला. पोरं उड्या मारत होती. ज्यांनी चढण पूर्वी ऐकली होती ते म्हातारे एकमेकांच्या गळ्यात पडत होते. हर्षाली टाळ्या वाजवून वाजवून हात लाल करून बसली आणि उमाबाई तिच्या कानात ओरडून सांगत होत्या की हे असंच वाजवायचे, असंच. अण्णा गेले त्याला वर्ष झालं होतं, पण त्या संध्याकाळी तामलवाडीत कुणालाही ते गेल्यासारखं वाटलं नाही.

आता घरी जाल, दिवाबत्ती कराल, हात जोडाल. तेव्हा देवाच्या नावाआधी नको, नावानंतर का होईना, गुरुसिद्धप्पा अण्णांचं नाव एकदा घ्या. आम्ही त्यांना ऐकलं, तुम्हाला ते जमलं नाही, म्हणून तुम्हाला हे मागणं.